लुसाकातला गाववाला

१७ जून, मंगळवार

माझी बॅग एका माणसाने नेली. चोरली असं म्हणता येत नाही, कारण त्याच्याच घरात बसून मी हे लिहिते आहे आणि बॅग समोर कपाटावर आहे. माझा हात पोचणार नाही एवढ्या उंच.

नीट क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

दुपारी लुसाकाच्या स्टँडवर उतरले. सगळे खाली गेल्यावर सीटखाली वाकून पाहिलं, काही राहिलं का. तेवढ्यात बसच्या दारातून आवाज आला, चक्क आपल्याकडच्या बोलीत! "बघ, बघ, नीट बघ! शेंगदाण्याचा एक दाणा राहिला तर पारे माणसाला रात्रभर झोप लागायची नाही!"

जाडा, पांढऱ्या दाढीचा माणूस. नाव टेमू. जातीने चगा, आम्हा पारे लोकांचे शेजारी. इथल्या कमवाला भागात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे म्हणाला. आणि त्याच्या बापाचं दुकान म्हणे आमच्या उसांगीत, चर्चच्या उतारावर होतं. "उसांगीचीच ना तू? चालण्यावरून ओळखलं. डोंगरातली माणसं सपाटीवरसुद्धा गुडघे उचलून चालतात." पार्सल न्यायला आलो होतो, काय हा योगायोग, वगैरे.

हातात पार्सल नव्हतं. मी पाहिलं.

नाव विचारलं. म्हटलं, नामकुंडा म्सांगी. तर लगेच — "म्सांगी मास्तरची लेक! तो कंजूष अजून घेवड्याचे दाणे मोजून भांड्यात टाकतो का?"

मी म्हणाले, "बरे आहेत."

बरे आहेत! बाबांना मातीत ठेवून आले आहे मी.

पण दुसरं काय म्हणणार होते? आईने निघताना दोन्ही हात धरून सांगितलंय — एलियामिनीला समोर बसून सांग, फोनवर नको, आणि त्याच्याआधी परक्याच्या कानावर जाता कामा नये. बापाच्या मरणाची बातमी मुलाला रस्त्यातल्या माणसाकडून कळणं यासारखी दुसरी नामुष्की नाही आमच्यात. दादाचा जुना नंबर बंद. लुसाकात कुणाचा तरी ट्रक चालवतो, एवढंच माहीत. एवढ्या एका ओळीच्या जोरावर मी देश ओलांडून आले.

मी पुढे काही विचारायच्या आत त्याने बॅग उचलली आणि चालायला लागला. "ही आता माझी. सोडवून घ्यायची तर कोंबडा आण!"

माहीत आहे मला. चगा आणि पारे यांची उतानी आहे, थट्टेची सोयरीक. त्यांनी आम्हाला चिक्कू म्हणायचं, आम्ही त्यांना पैशाचे लोभी. हाताला लागेल ते उचलून न्यायचं, समोरच्याने रागवायचं नाही. हक्कच आहे तो. पण हक्काच्या माणसात आणि चोरात फरक कसा करायचा? बॅग तर दोघंही उचलतात.

१८ जून, बुधवार

घर स्वच्छ आहे. त्याची बायको मुटिंटा इथलीच, टोंगा जमातीची. स्वाहिली मोडकीतोडकी बोलते, पण हात मायेचा. गरम पाणी दिलं, पांघरूण दिलं. थंडी आहे इथे.

पण मन स्वस्थ नाही.

सकाळी मी दादाचं नाव काढलं. न काढून कसं चालेल, त्यासाठीच तर आले.

"एलियामिनी? तो टायरफोड्या? ओळखतो की!"

"कुठे राहतो?"

"असेल कुठेतरी. येईल."

"त्याचा नंबर द्या ना, टेमूकाका."

"चगा माणूस फुकट नंबर देतो होय? एवढं पण शिकवलं नाही का मास्तरने?"

"तो तुमच्याकडे राहत नाही ना?"

"छे! माझं काय धर्मादाय वसतिगृह आहे?"

मग चहा पिता पिता पुन्हा बाबांवर घसरला. म्हणे, मास्तर रात्रीच्या प्रार्थनेआधी दिवा विझवायचा. 'डोळे तर मिटायचेच आहेत, मग उजेड कशाला जाळायचा!'

मी कप खाली ठेवला. हे खरं आहे. अगदी याच शब्दांत म्हणायचे बाबा. पण ते आमच्या घरात, दार लावल्यावर. उतारावरच्या दुकानदाराच्या मुलाला हे कसं ठाऊक? दादाने सांगितलं असेल? की त्याच्याकडून काढून घेतलं?

ऐकलेलं खरं मानण्याआधी दोनदा तपासावं, हे बाबांचंच शिकवणं. दम्यामुळे मला शाळा उशिरा मिळाली. पहिली सगळी वर्षं चटईवर बाबांच्या समोर बसून गेली. अक्षरं, बेरजा, स्तोत्रं. आणि — कुणाला नावं ठेवायची नाहीत, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, दिलेल्या शब्दाला फिरायचं नाही. शाळेच्या अंगणात मुलं चगा पोरांशी जी भांडणं-थट्टा करायची ती मी कधी केलीच नाही. टेमू बोलतो आणि मी मान खाली घालते. त्याला ते आवडत नाही. थांबून माझ्या तोंडाकडे बघतो. कशाची वाट बघतो?

संध्याकाळी चपला जागेवर नव्हत्या.

"चपला? कोंबड्याच्या जोडीला आता एक बकरी!"

१९ जून, गुरुवार

ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. तो खिडकीशी फोनवर, आवाज बारीक करून — "हो, पोरगी माझ्या घरात आहे. नाही, तिला काही कळलेलं नाही. ट्रक आल्याशिवाय सोडत नाही मी तिला."

हातातलं पातेलं निसटलं. तो खिडकीतून डोकावला. "हळू गं! पातेलं चेपलं तर तुझा बाप माझ्यावर खटला भरेल. तुम्ही लोक कोंबडीच्या खटल्यासाठी गाय विकता!"

हसला. मी पण हसल्यासारखं केलं.

ट्रक कुणाचा? कुठे जाणार? आणि मला काय कळलेलं नाही?

२० जून, शुक्रवार

दोरीवर दादाचा शर्ट वाळत होता! निळा, चौकटीचा. कॉलरच्या आत आईने शिवताना टाकलेली लाल दोऱ्याची टीप. जगात दुसरा असा शर्ट नाही.

मुटिंटाकाकूला विचारलं, कुणाचा? ती सहज म्हणाली, "तुझ्या भावाचा." आणि लगेच हात तोंडावर. मग पाठ फिरवली. न्शिमा, म्हणजे आमच्या उगालीसारखी मक्याच्या पिठाची उकड, ढवळत बसली.

म्हणजे टेमू खोटं बोलला. दादा इथे राहत होता. होता? शर्ट आहे आणि माणूस नाही. आई गं.

नाही. असलं काही लिहायचं नाही. 

पण समजा काही झालंच नसेल, दादा सुखरूप असेल आणि उद्या समोर उभा राहील, तरी माझी सुटका कुठे आहे? आईचं दुसरं वाक्य आहेच. "त्याने विचारलं, तर सांग की शेवटी बाबांनी तुला बोलावलं."

बोलावलं नव्हतं. मी उशाशी होते. बाबांनी बकरी आत घेतली का ते विचारलं, खिडकी लावायला सांगितली. दादाचं नाव नाही. दादा मास्तरकीचं शिक्षण सोडून ट्रकवर गेला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "आता मी बोलावीन तेव्हाच या दारात ये." पाच वर्षं दादा त्या बोलावण्याची वाट बघतोय. आणि ते आलं नाही, हे फक्त आईला आणि मला माहीत आहे.

आई म्हणते, एवढ्याशा खोट्याने देव रागावणार नाही. देवाचं माहीत नाही. बाबा रागावतील.

२१ जून, शनिवार

दुपारी माझ्या ताटातला मांसाचा तुकडा टेमूने उचलून खाल्ला. वर म्हणतो, "राग आला? तुमच्या घरात तर सुका मासा छताला टांगतात आणि सगळे त्याच्याकडे बघत बघत उगाली खातात! मास्तर तर म्हणत असेल — ए, दोनदा बघू नकोस, उद्याला राहू दे!"

मी उठून गेले. जेवले नाही.

२२ जून, रविवार

मुटिंटाकाकूच्या चपला घालून तिच्याबरोबर चर्चला गेले. तेवढ्यासाठी परवानगी मिळाली! चपला दोन बोटं मोठ्या, फटक फटक वाजत होत्या.

मनाशी ठरवलं होतं. चर्चबाहेर पोलीस उभा होता. काकू बायकांत बोलत होती तेवढ्यात गाठला त्याला. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझ्या गावचा एक माणूस मला घरातून जाऊ देत नाही.

"मारतो का?"

"नाही."

"खायला देतो?"

"देतो. पण मग ताटातलं उचलून नेतो."

"आणखी?"

"बॅग घेतली, चपला घेतल्या. माझ्या वडिलांचा रोज अपमान करतो."

"तुमच्याच जातीचा?"

"नाही, चगा. आमची आणि त्यांची थट्टेची —" बोलता बोलताच माझी चूक कळली. पोलीस पोट धरून हसायला लागला. "अगं बाई! मी जातीने ङ्गोनी. माझा साहेब बेम्बा. तो मला भर चौकीत उंदीरखाऊ म्हणतो, मी त्याला माकडखाऊ म्हणतो. गेल्या आठवड्यात माझी टोपी नेली, अजून दिली नाही. मी कुणाकडे तक्रार करू?" आणि मोठ्याने काकूला हाक मारून म्हणाला, "ताई, हिला घरी न्या आणि भांडायला शिकवा!"

काकूने हात धरूनच घरी आणलं. ट्रकबद्दल सांगायचं राहूनच गेलं.

२३ जून, सोमवार

आज मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडले.

सकाळी अनवाणीच निघाले. दुसरीकडे जाऊन विचारू, कुणीतरी ओळखत असेल दादाला. फाटकाला कुलूप नव्हतं, पण टेमू खुर्ची टाकून बसला होता.

"कुठे?"

"भावाला शोधायला."

"बस खाली. उद्या."

"रोज उद्या! तुम्ही कोण मला अडवणार?"

"मी? तुझा मालक. तू माझी पारे गुलाम. शेंगा सोलायच्या आहेत, सोल." नेहमीसारखा हसत होता. "मास्तरने मुलीला एवढी अक्षरं शिकवली, आणि थट्टेला उलट थट्टा द्यायला शिकवलं नाही! केवढा चिक्कू! बोलणंसुद्धा जपून ठेवलं, पोरीला दिलं नाही. काय केलं असेल त्याने एवढ्या साठवलेल्या बोलण्याचं? बरोबर नेणार आहे का?"

त्या 'बरोबर नेणार आहे का'ने माझं डोकंच फिरलं. काय बोलतेय ते कळायच्या आत बोलले —

"माझ्या बाबांबद्दल बोलू नका! तुम्ही मराल ना, तेव्हा डॉक्टर बोलावणार नाहीत! कानाशी नाणं वाजवून बघतील! आणि तुम्ही तर नक्की उठून बसाल, चगाच तुम्ही! कफनातून हात बाहेर काढून सुटे मागाल!"

मला वाटलं आता मारतो.

टेमू खुर्चीत मागे रेलला आणि हसला. एवढा हसला की खुर्ची कलंडली. मुटिंटाकाकू धावत आली, काय झालं ते कळल्यावर तीही हसायला लागली. "सुटे मागेन! सुटे!" — तो डोळे पुसत होता. पुन्हा पुन्हा पुसत होता. हसणं थांबल्यावरसुद्धा.

मग आत गेला आणि माझ्या चपला घेऊन आला. स्वतः माझ्या पायापुढे ठेवल्या. बॅगही दिली.

"तुझा भाऊ तांबं आणायला काँगोत गेलाय. माझाच ट्रक. सीमेवर रांगेत अडकला होता, काल सुटला. उद्या पोचेल."

"मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नंबर घेतला असतास. नंबर घेतला असता तर फोन केला असतास. माल भरलेला ट्रक, रस्त्याला खड्डे, आणि बहिणीचा रडका आवाज. नको."

रडका? मी कशाला रडेन? मी तर याला काहीच सांगितलेलं नाही. 

खरं बोलतोय का? चपला दिल्या म्हणून माणूस खरा होत नाही. पण आता फाटक उघडं आहे आणि मी गेले नाही.

२४ जून, मंगळवार

दादा आला.

दुपारी ट्रक फाटकात शिरला. लाल धुळीने माखलेला. दादा जाडा झालाय. मला बघून पायरीवरच थांबला. हसू आलं, आणि मग हसू जागच्या जागी थांबलं. पारे मुलगी एकटी देश ओलांडून उगीच येत नाही, एवढं त्यालाही कळतं.

समोर बसून सांगायचं होतं. बसायला वेळच मिळाला नाही.

"दादा, बाबा गेले."

"गाडी बंद करून येतो," म्हणाला. गाडी बंदच होती. वर चढला, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, खाली आला. ट्रकच्या चाकाला टेकून उभा राहिला. मग विचारलंच. मला माहीत होतं तो हेच विचारणार.

"बोलावलं होतं का मला?"

आईचं वाक्य तोंडात तयार होतं. शब्दन् शब्द. 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणवेना. दादा माझ्याकडे बघत होता. एवढं बघणं सहन होत नाही हो.

तेवढ्यात मागून कुणीतरी घसा खाकरला.

बाबांसारखा! बाबा बोलायच्या आधी खाकरायचे अगदी तसा — दोनदा बारीक, एकदा मोठा. मी दचकून वळले. टेमू अंगणात आडवा पडला होता. तोंडाला मक्याचं पीठ फासलेलं, हात छातीवर. आमच्याकडे मयताला चगा येतो तो असाच, मेलेल्याचं सोंग घ्यायला, त्याच्या आवाजात बोलायला. लहानपणी आई मला अशा वेळी आत न्यायची. पण आज? आत्ता? याला कळून दोन क्षण तरी झाले का?

"ए ड्रायव्हर!" तो पडल्या पडल्या ओरडला. बाबांचाच किरटा आवाज. "मी मेलो तरी तू गिअरच बदलतोयस? तांब्याला भाव जास्त, की बापाला? ऊठ, ये घरी! बोलावतोय ना मी! की आता भाडंही मीच द्यायचं?"

भाडं! दादाच्या तोंडून एकदम हसू फुटलं. हसता हसता तो खाली बसला, टेमूच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि मग जे रडू आलं ते थांबेना. टेमू पिठाच्या तोंडाने वर आभाळाकडे बघत पडून राहिला. त्याच आवाजात पुटपुटत होता, "हळू रड. पाणी वाया जातंय."

मी पण हसले. देवा, मला क्षमा कर, मी हसले.

दादाने परत विचारलं नाही. 

२५ जून, बुधवार

आज निघायचं. टेमूकाकाही येत आहेत. मुटिंटाकाकू रताळी बांधून देत होती. गाठ मारता मारता म्हणाली, "आता रविवारी करमायचं नाही यांना. तुझ्या बाबांची रिंग यायची ना."

कुणाच्या बाबांची?

"तुझ्या. चर्च सुटलं की, तुमच्या गावातल्या वाण्याच्या फोनवरून. एकदा वाजवून लगेच बंद. म्हणजे पैसे आमचे जावेत! मग हे लावायचे. 'पोरगा नीट जेवतो का?' एवढं विचारून झालं की दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे, फोनमधले पैसे संपेपर्यंत. एका रविवारी रिंग आली नाही. यांनी वाण्याला फोन केला, तेव्हा कळलं. तू निघालीस तेही. मग तू उतरेपर्यंत रोज स्टँडवर जात होते. तू आल्यावर वाण्यालाच तर फोनवर सांगत होते, पोरगी माझ्या घरात आहे म्हणून."

बाबा. शिव्या द्यायचे!

"काय म्हणायचे?" मी विचारलं. काकू लाजली. "ते मला नको सांगायला लावू. मी चर्चमध्ये गाते."

तर मग काल अंगणातून दादाला बोलावलं ते काकांनी, की —

काका गाडीत बसलेत. विचारता येईल. विचारणार नाही.